पीएमएलए खटले आणि 'पुराव्याअभावी सुटका' : साखळी नेमकी कुठे तुटते?

रोजनामा (धागाकर्ता)

मनी लाँडरिंगच्या (पीएमएलए, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखालच्या) प्रकरणात कुणाला दिलासा मिळाला की मथळा ठरलेला असतो : 'पुराव्याअभावी सुटका', नाहीतर 'क्लीन चिट'. या दोन शब्दांखाली चार वेगळे आदेश खपवले जातात. जामीन, डिस्चार्ज (खटला चालण्याआधीच आरोपमुक्ती), ईडीची तक्रारच (तिचं आरोपपत्र म्हणा) रद्द होणे आणि पूर्ण खटला चालून निर्दोष सुटका. चौघांची कसोटी वेगळी, म्हणून 'पुरावा कमी पडला' याचा अर्थही चारही ठिकाणी वेगळा.

जामिनात न्यायालय कलम ४५ च्या जुळ्या अटी पाहते. आरोपी दोषी नाही असं मानायला सकृद्दर्शनी वाजवी कारण आहे का, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही ना, एवढंच. तिथली निरीक्षणं जामिनापुरती असतात आणि आदेशाच्या शेवटी तसं लिहिलेलंही असतं, पण शेवटचा परिच्छेद वाचतो कोण! डिस्चार्जला प्रफुल्लकुमार सामल (१९७९) ची कसोटी : कागदपत्रांवरून नुसता संशय दिसतो की खटला चालवण्याइतका गंभीर संशय? रद्द करण्याच्या याचिकेत तक्रारीतलं सगळं खरं धरूनही गुन्हा होतो का, हे तपासतात. साक्षी नोंदवून, उलटतपासणी होऊन, वाजवी संशयापलीकडे काय सिद्ध झालं हा प्रश्न फक्त चौथ्या टप्प्यावर येतो.

आता मुख्य मुद्दा. 'पीएमएलएत शाबितीची जबाबदारी आरोपीवर असते, मग तो पुराव्याअभावी सुटतोच कसा?' हा प्रश्न इथे वारंवार येतो. कलम २४ चं अनुमान (पैसा गुन्ह्याचाच असं धरून चालणं) आपोआप लागू होत नाही. विजय मदनलाल चौधरी प्रकरणात (२७ जुलै २०२२) सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, पण त्याआधी तीन पायाभूत गोष्टी ईडीने दाखवायच्या आहेत. कायद्याला जोडलेल्या यादीतला (अनुसूचीतला) मूळ गुन्हा घडला, त्यातून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मालमत्ता मिळाली, आणि त्या मालमत्तेशी संबंधित एखाद्या प्रक्रियेत किंवा कृतीत आरोपीचा सहभाग होता. या तिन्ही उभ्या राहिल्या की मग आरोपीने खुलासा करायचा. २८ ऑगस्ट २०२४ च्या प्रेम प्रकाश निकालात हेच पुन्हा सांगितलं आहे.

म्हणजे अनुमान हा चौथा मजला आहे. खालच्या तीनपैकी एक जरी नसला तर तो हवेत राहतो. ज्यांना 'अपुरा पुरावा' म्हणतात ते बहुतेक निकाल या तीनपैकी कुठल्या तरी एका सांध्यावर तुटलेले दिसतात. कुठला सांधा, ते पाहायला हा धागा.

---

वकालतनामा

पहिल्या सांध्याचं, म्हणजे मूळ गुन्ह्याचं, सर्वांत ठळक उदाहरण टू-जी स्पेक्ट्रम वाटपाचं प्रकरण. २१ डिसेंबर २०१७ ला विशेष न्यायाधीश ओ. पी. सैनी यांनी सीबीआयच्या खटल्यातले आरोपी सोडले आणि त्याच दिवशी ईडीच्या खटल्यातलेही. ईडीचा खटला कलैग्नार टीव्हीकडे गेलेल्या २०० कोटी रुपयांचा होता. रक्कम गेली याबद्दल कागद होते. पण मूळ गुन्हाच सिद्ध झाला नाही, तेव्हा ती रक्कम 'गुन्ह्यातून मिळालेली' ठरू शकली नाही. ईडीच्या वकिलांनी पैशाचा माग कितीही नीट दाखवला असता तरी निकाल तोच लागला असता, कारण भोक त्यांच्या कागदात नसून शेजारच्या खटल्यात होतं.

सीबीआयच्या अपिलाला दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये परवानगी दिली, त्यामुळे तो विषय अजून पूर्ण मिटलेला नाही.

विजय मदनलालमधलं वाक्य या बाबतीत निःसंदिग्ध आहे. मूळ गुन्ह्यात माणूस अंतिमतः निर्दोष ठरला, डिस्चार्ज झाला किंवा गुन्हा रद्द झाला, तर त्या मालमत्तेबाबत मनी लाँडरिंगचा खटला त्याच्यावर टिकत नाही. महिन्याभरातच पार्वती कोल्लूर प्रकरणात ते लावलंही गेलं. 'अंतिमतः' या शब्दाकडे मात्र लक्ष ठेवा. अपील चालू असेल तर ईडीचे वकील त्याच शब्दावर बोट ठेवतात, आणि मूळ निकाल फिरला तर कारवाई पुन्हा सुरू करण्याची मुभा मागून घेतात.

---

मुद्देमाल

वरच्यात महाराष्ट्रापुरती भर घालतो. इथे पोलीस तपास बंद करताना 'समरी' अहवाल पाठवतात आणि तिचा वर्ग कोणता यावर ईडीचं भवितव्य ठरतं. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. बी म्हणजे फिर्याद खोटी, हेतुपुरस्सर केलेली. सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली फिर्याद, फौजदारी गुन्हाच नाही. दंडाधिकाऱ्यांनी बी किंवा सी स्वीकारली की मूळ गुन्हा संपतो. ए स्वीकारली तर गुन्हा 'घडला' हे कायम राहतं, म्हणून वरच्या तर्काने ईडीचा खटला आपोआप पडू नये.

जेट एअरवेजच्या संस्थापकांचं प्रकरण बघा. मूळ फिर्याद एका ट्रॅव्हल कंपनीची. पोलिसांनी सी समरी दिली, ती स्वीकारली गेली, ईडीचा विरोधही टिकला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीचा ईसीआयआर (एफआयआरसारखी ईडीची नोंद) रद्द केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना ईडीने अटक केली, पण ती कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींच्या तक्रारीवरून आलेल्या वेगळ्या मूळ गुन्ह्यात. 'क्लीन चिट' म्हणणाऱ्यांनी हे दोन ईसीआयआर वेगळे आहेत हे कधी सांगितलंच नाही.

---

अर्धविराम

कलम १२०-ब चं काय? कट रचल्याचं कलम अनुसूचीत आहेच. मग कुठल्याही गुन्ह्याला ते जोडलं की पीएमएलए लागू, असं बरीच वर्षं चाललं ना?

---

वकालतनामा

@अर्धविराम, चाललं. सर्वोच्च न्यायालयाच्या पवना दिब्बूर निकालानंतर (२९ नोव्हेंबर २०२३) नाही चालत. कट हा अनुसूचीतलाच एखादा गुन्हा करण्यासाठी असला पाहिजे. अन्यथा अनुसूचीला अर्थच उरत नाही, कारण जगातला कुठलाही गुन्हा १२०-ब च्या दारातून आत येईल. यश तुटेजा (८ एप्रिल २०२४) मध्ये आयकर कायद्याखालचा गुन्हा आणि सोबत १२०-ब एवढंच होतं. आयकराचा गुन्हा अनुसूचीत नाही, म्हणून तक्रार रद्द. छत्तीसगडमध्ये मात्र वेगळा एफआयआर होता आणि त्यावर नवा ईसीआयआर झाला. जेटसारखंच.

पवना दिब्बूरमधले आणखी दोन मुद्दे लोक विसरतात. एक, पीएमएलएचा आरोपी मूळ गुन्ह्यात आरोपी असलाच पाहिजे असं नाही. पैसे पुढे सरकवणारा सीए किंवा नातेवाईक मूळ एफआयआरमध्ये नसू शकतो. दोन, मूळ गुन्ह्याच्या आधी घेतलेली मिळकत त्या गुन्ह्याची कमाई असू शकत नाही. तिथे दोन मिळकती होत्या. पहिली कथित गुन्ह्याच्या आधीची, म्हणून तिचा संबंध तोडला. दुसरीचा प्रश्न खटल्यावर सोडला.

---

खतावणी

दुसऱ्या सांध्यावर, म्हणजे पैशाच्या मागावर, कुणी फारसं लिहीत नाही. मला तोच सर्वांत कच्चा वाटतो.

समजा एका खात्यात आधीच ५ कोटी आहेत, धंद्यातले, बिलं आणि जीएसटी भरलेले. त्यात लाचेचे म्हणून २ कोटी येतात. महिन्याने दीड कोटीचा फ्लॅट घेतला. हा दीड कोटी कुठला? ईडीची तक्रार बहुधा तारखा लावते : रक्कम आली, पाठोपाठ फ्लॅट झाला, म्हणून तोच पैसा. बचावाचा लेखापाल खातेउतारा उघडून सांगतो की खरेदीच्या दिवशीही निव्वळ धंद्याची शिल्लक दीड कोटीहून जास्त होती. कुठली पद्धत लावायची, आधी आलेला पैसा आधी गेला असं धरायचं की प्रमाणात वाटायचं, हे तपास अधिकाऱ्याने तक्रारीतच सांगायला हवं. ते बहुतेकदा नसतं. साक्षीत विचारलं की अधिकारी म्हणतो, 'एकूण उताऱ्यावरून तसं दिसतं.' तिथे संशयाचा फायदा सुरू होतो.

इथे दोन गोष्टी मिसळू नयेत. जप्तीसाठी कायदा 'तेवढ्या किमतीची दुसरी मालमत्ता' सुद्धा धरतो, त्यामुळे टाच आणायला नेमका तोच रुपया लागत नाही. पण अमुक माणसाने गुन्ह्याचा पैसा वापरला किंवा लपवला, हे दोषारोप म्हणून सिद्ध करायचं तर तोच पैसा त्याच्यापर्यंत आणावा लागतो. टाच कायम झाली म्हणून शिक्षा ठरलेली, असं समजणारे इथेच फसतात.

तीन-चार थर असलेल्या कागदी कंपन्यांत आणखी एक गंमत. पहिल्या थराचे उतारे नीट असतात, दुसऱ्याचे अर्धे. तिसरा थर रोखीचा, त्याला उतारा नसतोच. तिथे ईडी एंट्री ऑपरेटरच्या (कमिशनवर खोट्या नोंदी फिरवणाऱ्याच्या) जबाबावर विसंबते. जबाब पडला की मधला पूल पडतो, आणि दोन्ही टोकांचे नीट जमवलेले उतारे एकमेकांकडे बघत राहतात.

---

तिरकस

आणि बँकेचे उतारे तरी पुराव्यात धडपणे येतात का? बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा १८९१ चा. संगणकाच्या प्रतीसाठी त्यात कलम २-अ घातलं आहे. शाखा व्यवस्थापक किंवा मुख्य लेखापालाचं प्रमाणपत्र, वर संगणक प्रणाली सांभाळणाऱ्याचं वेगळं, ज्यात सुरक्षाव्यवस्था आणि विदा कशी साठवली याचा तपशील. प्रत्यक्षात दोन्हींऐवजी शाखेचा गोल शिक्का आणि एक सही येते. बँकेचा साक्षीदार उभा राहून सांगतो, 'मी तेव्हा त्या शाखेत नव्हतो.'

---

मुद्देमाल

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचंही तसंच. अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास गोरंट्याल (१४ जुलै २०२०) हा निवडणूक याचिकेतला निकाल, मूळ वाद जालन्याच्या अर्ज भरण्याच्या वेळेचा आणि त्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. पण आज तो प्रत्येक पीएमएलए खटल्यात निघतो. दुय्यम प्रतीला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणच न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली तरच गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ताब्यात असणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) आणि ते कुठल्या पद्धतीने काढलं ते लिहायचं. चुका ठरावीक :

– पंचनाम्यात पेन ड्राइव्हचा मेक आणि सिरियल नंबर आहे, हॅश नाही. हॅश काढला प्रयोगशाळेत, काही आठवड्यांनी. मधल्या काळात कुणी उघडला नाही हे कोण सांगणार?

– फोन जप्त करताना फ्लाइट मोडवर टाकला नाही, म्हणून चॅट पुढेही येत राहिले. सील कधी केलं त्याची वेळ नाही.

– छाप्यात सर्व्हर मागे ठेवून 'संबंधित' फोल्डर तेवढे कॉपी केले. संबंधित कोणी ठरवलं, काय वगळलं, याची नोंद नाही.

प्रमाणपत्र तक्रारीसोबत नसलं म्हणून पुरावा लगेच बाद होत नाही, हे हिरेमठ निकालात (२०१९) आहे. साक्ष चालू असेपर्यंत ते आणता येतं. ईडीला दुसरी संधी मिळते, आणि तरीही ती हुकवलेली दिसते, कारण ज्याने प्रत काढली तो अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो.

---

अर्धविराम

कलम ५० च्या (समन्स देऊन ईडीने नोंदवलेल्या) जबाबांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही, ईडीपुढचा चालतो, यात तर्क काय?

---

रोजनामा

तर्क असा की ईडीचा अधिकारी पोलीस अधिकारी नाही, समन्स देऊन केलेली चौकशी ही कायद्याने 'न्यायिक कार्यवाही' मानली जाते आणि समन्सच्या वेळी माणूस अजून आरोपी नसतो. विजय मदनलालने हे मान्य केलं. पण ग्राह्य असणं आणि पुरेसं असणं यांत फरक आहे, आणि बहुतेक खटल्यांत जबाब दुसऱ्या पायरीवर अडकतो.

माणूस आधीच ईडीच्या एका प्रकरणात कोठडीत असेल आणि त्याच यंत्रणेने दुसऱ्या प्रकरणासाठी त्याचा जबाब तिथेच घेतला, तर तो त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. कोठडीतला माणूस मोकळ्या मनाने बोलतो असं मानता येणार नाही, असं प्रेम प्रकाशमध्ये म्हटलं आहे. सहआरोपीचा कबुलीजबाब तर हरिचरण कुर्मी (१९६४) पासून मूळ पुरावा मानला जात नाही. आधी इतर पुरावा पाहायचा, तो पटला तर या जबाबाने खात्री करून घ्यायची. उलट्या क्रमाने नाही. ईडीच्या कित्येक तक्रारींचा क्रम उलटा असतो : जबाब आधी, मग त्याला शोभतील असे उतारे.

जबाब मागे घेतला असेल तर कधी घेतला ते बघा. पहिल्या रिमांडला न्यायाधीशांपुढे सांगितलं तर वजन असतं. वर्षभराने अर्ज दिला तर न्यायालय भुवया उंचावतं. आणि ज्या अधिकाऱ्याने जबाब नोंदवला त्याला साक्षीला आणलंच नाही, तर उलटतपासणीशिवाय तो कागद कागदच राहतो.

---

तिरकस

डायरीचं विसरू नका. छाप्यात सापडलेली डायरी हा वाहिन्यांचा आवडता पुरावा. पीएमएलएच्या कलम २२ खाली झडतीत सापडलेल्या कागदांतला मजकूर खरा असल्याचं अनुमान आहेच, म्हणून लोकांना वाटतं झालं काम. पण कलम म्हणतं की कागद ज्याच्या ताब्यात सापडला त्याचा मानायचा. ज्याचं नाव डायरीत लिहिलंय त्याच्यावर ते आपसूक जात नाही.

जैन हवाला प्रकरणात, सीबीआय वि. व्ही. सी. शुक्ला (१९९८), सुटे कागद हिशेबाची वही नव्हेत असं ठरलं. स्पायरल वह्या मात्र हिशेबाच्या वह्या मानल्या. तरीही नुसत्या नोंदीवरून कुणावर जबाबदारी टाकता येत नाही, स्वतंत्र दुजोरा हवा. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ३४ मध्ये ते लिहिलेलंच होतं, आता ते साक्ष्य अधिनियमाचं कलम २८ आहे. 'बीएस – ५' याचा अर्थ भाऊसाहेब – ५ कोटी, हे डायरी लिहिणाऱ्याशिवाय कोण सांगणार? आणि तो सांगेल तर तो सहआरोपी. पुन्हा रोजनामांचा वरचा मुद्दा.

---

खतावणी

@रोजनामा, एक किरकोळ मतभेद. तुमच्या लिखाणातून असं वाटतं की अनुमान लागू झालं की आरोपीला वाजवी संशयापलीकडे निर्दोषत्व सिद्ध करावं लागतं. तसं नाही. आरोपीला शक्यतांचं पारडं आपल्या बाजूला झुकवलं तरी पुरतं. फिर्यादी पक्षाची कसोटी मात्र कडकच राहते. जे. शेखर (मे २०२२) मध्ये हे स्पष्ट आहे. नोटाबंदीनंतर तामिळनाडूत ३३ कोटींहून अधिक नव्या नोटा सापडल्या होत्या. सीबीआयने पुरावा नसल्याचं सांगून प्रकरण बंद केलं, आयकर खात्याकडेही काही उरलं नाही, तेव्हा ईडीचा खटला नुसत्या शक्यतेवर ओढत नेता येणार नाही, असं म्हणून तो रद्द झाला.

---

रोजनामा

मान्य. वाक्य तसं वाचलं जाऊ शकतं. धाग्यात दुरुस्ती करत नाही, तुमचा प्रतिसाद त्याखाली असलेला बरा.

---

दुय्यम_प्रत

आकडे कुणी देईल का?

---

वकालतनामा

जुलै २०२२ मध्ये अर्थ मंत्रालयाने संसदेत दिलेले : ३१ मार्च २०२२ पर्यंत ५,४२२ प्रकरणं नोंदली, ९९२ मध्ये तक्रार दाखल, २३ आरोपींना शिक्षा. हे २३ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. २३ भागिले ५,४२२ हा हिशेब चुकीचा आहे, कारण बहुतांश प्रकरणांत तक्रारच गेली नव्हती. पण 'शिक्षेचं प्रमाण उत्तम' म्हणताना फक्त निकाली खटलेच मोजायचे आणि तो छेद किती लहान आहे ते सांगायचं नाही, हीही चलाखीच.

बचाव पक्षासाठी अलीकडचे दोन निकाल जास्त कामाचे. सरला गुप्ता (७ मे २०२५) : ईडीने जप्त केले पण तक्रारीत वापरले नाहीत अशा कागदांची यादी आरोपीला द्यायची, आणि बचावाच्या टप्प्यावर तो त्यांच्या प्रती मागू शकतो. ज्या उताऱ्याने खतावणींचे ते धंद्याचे ५ कोटी सिद्ध होतात, तो नेमका याच गठ्ठ्यात असतो. दुसरा, दोनच दिवसांनी आलेला कुशलकुमार अगरवाल : १ जुलै २०२४ नंतरच्या तक्रारीवर न्यायालयाने दखल घेण्याआधी (म्हणजे खटला पुढे नेण्याचं ठरवण्याआधी) आरोपीचं म्हणणं ऐकायचं. तिथेच अनुसूचित गुन्हा नाही हे दाखवता आलं तर डिस्चार्जपर्यंत थांबावं लागत नाही.

---

दुय्यम_प्रत

आणि सुटल्यावर मालमत्ता? ती आपोआप मोकळी होते का?

---

मुद्देमाल

आपोआप काही होत नाही. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर कलम ८(६) खाली विशेष न्यायालयाने मालमत्ता सोडण्याचा आदेश द्यायचा. निकालपत्रात तो परिच्छेद आहे का ते त्याच दिवशी तपासा, नसेल तर वेगळा अर्ज करा. तक्रार उच्च न्यायालयात रद्द झाली असेल तर 'खटला संपला' ही ८(६) ची भाषा नीट बसत नाही. म्हणून याचिकेतच टाच रद्द करण्याची मागणी घालतात. ती राहिली तर कलम ८(३) वर जावं लागतं : कार्यवाहीच प्रलंबित नाही तर टाच कशाच्या जोरावर? प्रकरण अपिलीय न्यायाधिकरणात असेल तर तिथेही आदेशाची प्रत दाखल करायची.

आदेश मिळाल्यावर प्रमाणित प्रत ईडीला, बँकेला आणि दुय्यम निबंधकाला. गोठवलेलं खातं बँक ईडीच्या पत्राशिवाय उघडत नाही, निकाल दाखवला तरी. जमिनीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत किंवा शहरात मिळकत पत्रिकेवर नोंद चढली असेल तर ती कमी करायला वेगळा फेरफार करावा लागतो. गाळा सोसायटीत असेल तर सोसायटीलाही लेखी कळवा, नाहीतर विकायच्या वेळी ना हरकत दाखला तिथे अडतो.